ग्लास खाली ठेवेपर्यंत

ग्लास नाकाखाली धरला आणि धूर आला.

ग्लास खाली घेतला. खिडकीकडे तोंड करून कोरी हवा घेतली, डोळे मिटले, ग्लास पुन्हा वर नेला. पुन्हा धूरच. पाणी मारून विझवलेल्या कोळशाचा, ओल्या राखेचा, थोडासा डांबराचा. आणि त्याच्या मागोमाग जखमेवर बांधायच्या पट्टीचा औषधी वास. सात महिन्यांत माझ्या नाकाने मला कळवलेली ही पहिली बातमी. खरं तर मी उठून नाचायला हवं होतं. पण नाचले नाही, कारण या बिअरमध्ये धूर असायचं काही कारण नव्हतं. ती ज्या पिंपांत मुरली, त्या प्रत्येक पिंपाच्या तोंडाला मी स्वतः नाक लावलं होतं. तिथे मनुका होत्या, व्हॅनिला होतं, रंधा मारलेलं लाकूड होतं. धूर कुठेच नव्हता. म्हणजे तो ग्लासात नाही, माझ्या डोक्यात आहे. आणि डॉक्टरांनी नेमकी याचीच भीती घातली होती.

टेबलाभोवती आणखी तिघं बसली होती आणि कोणी बोलत नव्हतं. बोलणारही नव्हतं. चव घ्यायच्या खोलीचा आमचा एकच कायदा आहे: ग्लासात ओतल्यापासून शेवटचा ग्लास टेबलावर परत टेकेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. 'हं' नाही, 'अहाहा' नाही, भुवई उडवणंसुद्धा वाईट समजतात. एकाने केळं म्हटलं की बाकीच्यांना केळंच लागतं, हे आम्ही अनुभवाने शिकलोय. वाइनवाले घोट तोंडात खळखळवून थुंकून टाकतात. आम्ही गिळतो, कारण बिअरचा कडूपणा घशाखाली उतरल्याशिवाय पुरता कळत नाही. त्यामुळे आमच्या खोलीत थुंकदाणी नाही. पांढऱ्या फरशा, एक मोठी खिडकी, चार खुर्च्या आणि एक टेबल, एवढाच संसार. सेंट लावून यायचं नाही, वासाचा साबण वापरून यायचं नाही, कोणाशी भांडूनही यायचं नाही. शेवटची अट मालकीणबाईंनी घातली, आणि सर्वांत जास्त वेळा त्यांनीच मोडली.

त्या समोर बसल्या होत्या, आमच्या बिअरच्या कारखान्याच्या मालकीणबाई; रुंद खांदे, कापलेले पांढरे केस, आणि ग्लास धरायची अशी तऱ्हा की जणू त्याने पळून जायचा बेत केलाय. उजवीकडे आचारी. तो खरा आचारी नव्हे. बिअर शिजवणारा, या विद्येची मोठी पदवी घेतलेला माणूस. पण दिवसभर तांब्याच्या अवाढव्य भांड्यापाशी ढवळत उभा असतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याला आचारी म्हटलं आणि ते त्याला चिकटलं. डावीकडे लॅबवाली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ग्लास स्वतःच्या हाताने धुतल्याशिवाय जिला चैन पडत नाही. आणि चौथी मी. मला इथे सगळे 'नाक' म्हणतात. 'नाकाला विचारा', 'नाकाने पास केलं का', 'नाक जेवायला गेलंय'. वीस-बावीस वर्षं हेच ऐकत आले. नवीन लागलेल्या मुलींना वाटायचं हे माझं आडनाव आहे.

तर त्या नाकाची आज परीक्षा होती. सात महिने माझी खुर्ची मालकीणबाईंनी रिकामी ठेवली. गेल्या आठवड्यात बोलावून म्हणाल्या, "लेबलांच्या खोलीत एक टेबल मोकळं होतंय. ऊन छान येतं तिथे. तुम्ही म्हणाल तसं." तुम्ही म्हणाल तसं, हे ज्या सुरात म्हटलं जातं त्याच सुरात त्यांनी म्हटलं, दुसरीकडे बघत. मी म्हणाले, एकदा मला बसू द्या. व्हिस्कीच्या पिंपांतली बिअर काढायची आहेच, तिच्या चवीला बसू द्या. नाही जमलं तर मी आपण होऊन लेबलं चिकटवायला जाईन. "आणि पहिली मी बोलेन," असं वर ठणकावून आले. लॅबवाली बाहेर भेटली तेव्हा कळवळून म्हणाली, "अहो, पहिली कशाला? शेवटी बोला ना. सगळ्यांचं ऐकून." तिचा हेतू चांगला होता, म्हणून तर राग आला. शेवटी बसून इतरांचं ऐकायचं आणि त्यालाच फोडणी देऊन आपलं म्हणून वाढायचं, तर मग नाक कशाला हवं, कान पुरेत. वास तापात गेला होता, माझ्या नाकावरचा राग मात्र गेला नव्हता.

ताप म्हणजे अगदी साधा ताप. चार दिवस अंग मोडून आलं, पाचव्या दिवशी उठून बसले. नवऱ्याने चहा आणून दिला. त्याला घरात, दारात, सगळीकडे 'मास्तर' म्हणतात. गणवेश शिवायच्या कारखान्यात तो कटिंग मास्तर आहे, कापडाच्या थप्पीवर खडू फिरवून एका दमात बाह्या कापणारा. मी घोट घेतला आणि म्हणाले, "अरे, पत्ती टाकायला विसरलास." त्याने माझ्या कपात बघितलं, स्वतःच्या कपात बघितलं आणि म्हणाला, "काळाकुट्ट आहे की." चहा म्हणजे गरम, गोड पाणी. कांदा म्हणजे ओला, करकरीत कागद. साबणाची वडी नाकाला लावली तर ती नुसती गार लागली. मी न्हाणीघरात साबण हातात धरून किती वेळ उभी होते देव जाणे. घर तेच होतं, पण पाहुण्यासारखं वाटत होतं, कोणी ओळख करून न दिलेल्या पाहुण्यासारखं. मास्तरच्या शर्टात तोंड खुपसलं तर तिथे मास्तर नव्हता, सुती कापड होतं. त्या रात्री मी रडले आणि तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला. "अगं, येईल परत. जाऊन जाऊन जाणार कुठे?" असं म्हणाला, आणि मग आम्हां दोघांनाही हसू आलं, कारण खरंच, नाक तर जागच्या जागी होतं.

त्यानंतर तोच माझं नाक झाला. दूध नासलं का, गॅस सुरू राहिला का, ही साडी धुवायला टाकू का, सगळं त्याला विचारायचं. माणूस गुणी, पण वास सांगायच्या कामात अगदी ढ. मी विचारायची, "आज बाहेर कसा वास आहे?" तर म्हणायचा, "बाहेरचा." "संत्र्याचा कसा येतोय?" "संत्र्यासारखा." "अरे पण कसा? गोड? सालीचा? कडवट?" तो डोळे मिटून खूप वेळ हुंगायचा, मला आशा वाटायची, आणि मग मोठ्या गांभीर्याने म्हणायचा, "पिकल्यासारखा संत्र्यासारखा." मी हात टेकले. स्वयंपाकही त्यानेच घेतला अंगावर, कारण मला करपलेलं कळेना. त्याला वास यायचे, पण तो टीव्हीवर सामना बघत करायचा, त्यामुळे दोघांत मिळून एक शहाणा स्वयंपाकी होईना. भांडी मात्र फार लखलखीत घासायला लागला होता. मी म्हणायची, किती राबतोस रे. तो म्हणायचा, आवड आहे.

नाक-कान-घशाचे डॉक्टर गप्पिष्ट होते. त्यांनी चार छोट्या बाटल्या लिहून दिल्या: लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली नाकाशी धरायची आणि तो वास आठवायचा. येत नसला तरी आठवायचा. व्यायाम म्हणून. मी सात महिने न येणारे वास आठवत बसले. लिंबू म्हणताना तोंडाला पाणी सुटायचं, पण बाटलीत काही नसायचं. डॉक्टर म्हणाले होते, "परत येताना नाक जरा वेड्यासारखं करतं हं. नसलेले वास येतात. बहुतेकांना धूर येतो. जळकं, राख, औषधं, असं काहीबाही. खरं मानायचं नाही." मी विचारलं, खरं आहे की नाही हे कळायचं कसं? ते हसले. "शेजारच्याला विचारायचं!"

आता शेजारी आचारी होता, पलीकडे लॅबवाली होती, आणि विचारायची बंदी होती. ग्लास तळहातांत धरून बसले. ही बिअर गार पीत नाहीत. ही स्कॉटलंडच्या जातीची कडक एल, बिअरचाच एक जुना प्रकार. रंगाने तांबूस काळी, अंगाने जड, फेस बेताचा, आणि हाताची ऊब मिळाल्याशिवाय तोंड न उघडणारी. ती शिजवायचीही एक रीत आहे. भाजलेल्या जवाचं पहिलं घट्ट पाणी निथळून घ्यायचं आणि त्यातलं थोडं भांड्यात वेगळं आटवत ठेवायचं, पाक होईपर्यंत, बुडाला लागायच्या अगदी बेतापर्यंत. त्या दिवशी आचारी भांड्यापासून हलत नाही, जेवायलाही जात नाही. मग ती सगळी आंबवायची आणि व्हिस्की काढून घेतलेल्या जुन्या पिंपांत महिनोन् महिने निजवायची. लाकूड काय प्यायलेलं असतं ते हळूहळू बिअरला सांगतं. पिंपं आली तेव्हा मी एकेक भोक उघडून नाक घातलं होतं, आणि बाहेर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. काही दारूच्या वाफेने, काही उगीचच. मालकीणबाईंना म्हणाले होते, "यांत नुसतं पाणी भरलं तरी विकलं जाईल."

म्हणजे काय बोलायचं ते मला पाठ होतं. हेच तर संकट होतं. मनुका, काळा गूळ, व्हॅनिला, भाजलेला पाव, लाकूड, शेवटी छातीत ऊब. सात महिने दर सकाळी चार बाटल्यांपुढे बसून मी हेच तर करत होते, नसलेला वास आठवून काढायचा. आता ते सगळं डोळे मिटून, जरा थांबत थांबत म्हटलं की झालं. तिघं माना डोलावतील. मालकीणबाई म्हणतील, या परत. लेबलांच्या खोलीतलं ऊन दुसऱ्या कोणाला मिळेल. आणि उद्या? उद्या एखादं पिंप खरंच आंबेल आणि मी म्हणेन मनुका. कोणाच्या तरी टेबलावर ते जाईल. छे. त्यापेक्षा लेबलं बरी, लेबल निदान बाटलीवरून घसरलं तर दिसतं.

धूर मात्र जात नव्हता. खोटा तर खोटा, म्हटलं, आलाच आहे तर बघू तरी. तिसऱ्यांदा ग्लास वर नेला आणि या वेळी घाई केली नाही. आणि मग काय झालं ते मी कोणालाच नीट सांगू शकणार नाही, मास्तरला तर नाहीच. बाबा आले. माझे वडील एका मोठ्या लाँड्रीत भट्टी सांभाळायचे. दिवसभर कोळसा ओढायचा, पाणी तापवायचं, संध्याकाळी राख विझवायची. घरी आले की त्यांचा जाड कोट दाराच्या मागे खुंटीवर लटकायचा आणि मी त्याच्या आत शिरायची. दोन्ही बाजूंनी कोट ओढून घ्यायचा की अंधार, ऊब आणि हा वास. ओली राख, त्यावर इस्त्रीची खळ, त्यावर बाबांच्या घामाची खारट कड. आई ओरडायची, "अगं, काळी होशील!" बाबा म्हणायचे, "राहू दे, भट्टी पेटायची थांबलीये माझी, ती आत बसलीये." काय म्हणायचं होतं त्यांना कोण जाणे, पण मी आत खिदळत असायची. बाबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. कोट त्याच्याही आधी गेला, कोणाला देऊन टाकला ते आठवत नाही. आणि हा वास तर मी आठवायला बसूनही कधी आठवला नव्हता, तो माझ्या कोणत्याच बाटलीत नव्हता. तो आज आपल्या पायांनी आला होता.

त्याच्यामागून पट्टीचा वास आला, आणि त्या वासाला दवाखान्याचा एक लांब, नुकताच पुसलेला बोळ होता. तिथे मास्तर, तेव्हा सडपातळ, हातात माझी चप्पल घेऊन उभा. मला आत नेताना चप्पल राहिली ती त्याने उचलली आणि पहाटेपर्यंत खाली ठेवली नाही. नर्सने मुलगी दाखवली तेव्हा त्याने आधी चप्पल पुढे केली. मुलगी औषधाच्या वासात गुंडाळून माझ्याकडे आली होती आणि कितीतरी दिवस मला बाळाचा वास म्हणजे हाच वाटायचा. मी त्या पांढऱ्या खोलीत, तीन माणसांसमोर, ग्लासात नाक घालून हसत होते. आवाज न करता, पण खांदे हलत असणार. खोटं असो, वेड असो, मला इतकं बरं सात महिन्यांत वाटलं नव्हतं. जायचंच असेल लेबलांच्या खोलीत तर आनंदात जाईन, असं मनाशी म्हटलं आणि घोट घेतला.

आधी गोड. मग जड, जिभेवर मऊ पाय टाकत जाणारं. मग धूर, आता टाळूच्या मागून, वर चढत. कडूपणा घशात उतरला, आणि छातीत त्याच्यामागून शेगडी पेटली. डोळे उघडले तर सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. आचारी पांढराफटक पडला होता आणि ग्लास नाकापासून जवळ-लांब, जवळ-लांब करत होता. लॅबवाली ग्लासाची कड उजेडात धरून तपासत होती, मग तिने रिकामा ग्लास उचलून तोच हुंगला. मालकीणबाई तर ग्लास सोडून स्वतःची बोटं हुंगत होत्या. मी समजले, हे माझ्यासाठी चाललंय. मला वेळ देतायत बिचारे. माझ्याकडे बघायचं नाही म्हणून बोटं काय, काचा काय. माया वाटली आणि लाजही वाटली. मालकीणबाईंचा ग्लास टेकला. मग लॅबवालीचा. मग, बऱ्याच वेळाने, आचाऱ्याचा. मी माझा ठेवला. काचेचा टक्क आवाज झाला आणि खोली मोकळी झाली.

"बोला," मालकीणबाई म्हणाल्या. घसा खाकरून पुन्हा म्हणाल्या, "नाक, बोला."

"मला काय यायला हवं ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "मनुका, व्हॅनिला वगैरे. त्यातलं मला काही आलेलं नाही. मला जे आलं ते या बिअरमध्ये असूच शकत नाही. तरी विचारलंत म्हणून सांगते. धूर. विझवलेल्या कोळशाचा धूर, ओली राख, थोडं डांबर. आणि दवाखान्यातली पट्टी. डॉक्टरांनी सांगितलंच होतं असं होईल म्हणून. खूप सुंदर आहे, पण खोटं आहे. तेव्हा मी आपली..."

लेबलांच्या खोलीचं नाव तोंडातून निघायच्या आत आचारी खुर्चीतून उठला. "म्हणजे तुम्हालाही आला?"

"काय आला?"

"धूर! बाई, मी मरायला टेकलोय इथे. मला वाटलं मीच जाळली. पाक आटवताना बुडाला लागली आणि मला कळलंच नाही. आता सगळीच्या सगळी ओतून द्यावी लागणार, लोकांना तोंड कसं दाखवू, हाच विचार करतोय मघापासून!"

"थांबा, थांबा," लॅबवाली म्हणाली. तिचा चष्मा आता खरोखर पडायच्या बेतात होता. "पट्टी म्हणालात ना? दवाखाना? मला वाटलं माझे ग्लास. जंतुनाशक नीट निघालं नाही म्हणून. मी गेल्या दहा मिनिटांत मनातल्या मनात राजीनामा लिहिला."

मग आम्ही तिघांनी मालकीणबाईंकडे बघितलं. त्यांनी बोटं टेबलाखाली नेली. "काय बघताय? सिगारेट सोडली होती. आज सकाळी एकच ओढली, मागच्या दाराशी. टेन्शन आलं होतं मला, या बाईच्या पायी." मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं, आणि त्या इतक्या हळू बोलल्या की तो त्यांचा आवाजच वाटला नाही. "म्हणजे धूर खरा आहे."

धूर खरा होता. चार माणसं, चार ग्लास, एकच धूर, आणि प्रत्येकाला वाटलं की तो आपलाच. कायद्याने तोंड बंद, त्यामुळे आम्ही चौघंही एकाच आगीत वेगवेगळे भाजत बसलो होतो. आधी लॅबवालीला हसू फुटलं. मग आचाऱ्याचा जीव भांड्यात पडला आणि तो टेबलावर डोकं टेकून हसायला लागला. मी हसत होते की रडत होते ते मला ठरवता येईना, आणि ठरवायची काही गरजही वाटेना.

पण आला कुठून? पिंपवाल्या काकांना बोलावलं. काका म्हणजे पिंपांचा सगळा कारभार. सकाळी दाराजवळच्या पिंपातून बिअरचा जग भरून त्यांनीच आणून ठेवला होता. ते आले, चिमूटभर तपकीर ओढली, रुमालाने नाक पुसलं आणि उभे राहिले. मालकीणबाईंनी विचारलं, काका, दाराजवळचं पिंप कोणतं? आणि काकांनी तोंड उघडायच्या आत माझ्या डोळ्यांसमोर सकाळचं चित्र आलं. मी येत होते तेव्हा काका पालथ्या खोक्यावर डबा ठेवून खात होते, वाकून, अवघडून. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं, पण काय ते कळलं नव्हतं.

"काका," मी म्हणाले, "तुमचं जेवायचं टेबल कुठे गेलं?"

काकांचं जेवायचं टेबल म्हणजे एक उभं पिंप. फार वर्षांपूर्वी कुठल्यातरी दुसऱ्या व्हिस्कीवाल्याकडून एकच आलं होतं, कोपऱ्यात पडून होतं, आणि काका त्याच्यावर डबा ठेवायचे.

"ते होय?" काका म्हणाले. "दाराजवळचं एक गळायला लागलं होतं ना. थेंब थेंब. मग काय करता, माल वाया गेला असता. माझं टेबल धुतलं, वाफ दिली, त्यात भरलं. चांगलं मजबूत लाकूड आहे."

"आणि वास?" लॅबवाली किंचाळलीच. "वास कोणी बघितला?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "वास ह्या बघतात. ह्या तापाने पडल्या होत्या. मी म्हटलं, आल्या की बघतील." आणि पुन्हा तपकीर ओढली. जो माणूस उभ्या जन्मात तपकिरीपलीकडे काही हुंगू शकला नाही, त्याने धुराचं पिंप ओळखावं कसं? त्या दुसऱ्या व्हिस्कीवाल्याचे जव दलदलीतल्या मातीच्या ढेपा जाळून त्यांच्या धुरावर वाळवलेले असायचे; पट्टीचा औषधी वासही त्या धुराचाच. इतकी वर्षं काकांचे डबे वाहूनही पिंप ते विसरलं नव्हतं. इथे वीस वर्षांत वास न बघता एकही पिंप भरलं गेलं नव्हतं, आणि मी चार दिवस अंथरुणाला खिळले तर नेमकं हे. मला भयंकर बरं वाटलं. आपल्यावाचून अडलं होतं हे कळणं किती गोड असतं, ते कबूल करायला मला मुळीच लाज वाटत नाही.

मालकीणबाईंनी दुसऱ्या पिंपातला जग मागवला. पुन्हा ओतणं, पुन्हा गप्प. धूर नव्हता. बराच वेळ काहीच नव्हतं, नुसती काच. मग अगदी कडेला, हळूच, मनुका. लहानपणी मूठभर मिळाव्यात तेवढ्याच, पण खऱ्या. लाकूडही आलं. व्हॅनिला मात्र नाही. मी तसंच सांगितलं, "मनुका आहेत. लाकूड आहे. व्हॅनिला असणार, पण मला नाही."

"येईल," मालकीणबाई म्हणाल्या. मग धुराचा जग स्वतःकडे ओढून त्यांनी आपला ग्लास भरला, चांगला काठोकाठ. "ही ओतायची नाही. ही वेगळी भरू. आचारी, तुम्ही श्वास घ्या आता." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लेबलांच्या खोलीत कोणाला तरी पाठवायला हवं हो. नाव सुचवा. तुम्हाला सुट्टी नाही."

एक बाटली मला घरी नेऊ दिली. पिशवी छातीशी धरून चालले, संध्याकाळचं ऊन रस्त्यावर आडवं पडलं होतं. दर दहा पावलांवर थांबून नाक वर करत होते. लोकांना वाटलं असेल, ही बाई पत्ता शोधतेय. कुठे काही येत होतं, कुठे नव्हतं. न्हाव्याच्या दुकानापाशी एक पांढरा, पावडरीचा वास आला आणि मी तिथेच उभी राहून न्हाव्याकडे बघून हसले. बिचारा गोंधळून हसला. बसथांब्यावर काही नाही. फुलवालीपाशीही काही नाही, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. घाई कशाला? मास्तरला कसं सांगायचं याचीच मी वाटभर जुळवाजुळव करत होते. आधी बाबा सांगावे, की चप्पल, की आचाऱ्याचं तोंड.

जिन्याच्या पहिल्या वळणावर पुन्हा धूर आला.

मी कठडा धरला. जळकं. दाट, गोडसर, घशाला धरणारं जळकं. म्हणजे मघाचं नाक गेलं का पुन्हा वेड्यांच्या बाजारात? का सकाळचं सगळंच वेड होतं आणि योगायोगाने जुळलं? शेजारच्याला विचारायचं, डॉक्टर म्हणाले होते, पण जिन्यात शेजारी कोणी नव्हतं. एकेक पायरी चढले तसा वास वाढत गेला. आमच्या मजल्यावर तो सगळ्यांत जास्त होता. किल्ली लावली.

घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. पंखा भन्नाट फिरत होता. मास्तर स्वयंपाकघरात पाठमोरा उभा, एका हाताने वर्तमानपत्राने वारा घालतोय, दुसऱ्या हाताने पातेल्याचं काळं बूड तारेच्या घासणीने जिवाच्या आकांताने घासतोय. टीव्हीवर सामना चालू होता. मला बघितल्यावर त्याने वर्तमानपत्र शांतपणे घडी करून ठेवलं, अगदी रोजच्यासारखं.

"आलीस?" तो म्हणाला. "खिडक्या उघडल्या जरा. उकडत होतं."

मी दारातच उभी. सात महिन्यांची ती लखलखीत भांडी माझ्या डोळ्यांसमोर एका ओळीत उभी राहिली.

"मास्तर," मी म्हणाले, "दूध जाळलंस?"

"छे, कोण म्हणतं..." एवढं सवयीने बोलून तो थांबला. घासणी हातातून सुटून मोरीत पडली. साबणाचे हात तसेच पुढे धरून तो माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"कसं?" त्याने विचारलं. "कसं येतंय?"

"जळल्यासारखं," मी म्हणाले, "दुधासारखं."